मध्ययुगीन वीरधर्म आज उरला आहे काय?



परवा तालुक्याहून गावाकडे येणाऱ्या एस.टी.त घडलेला एक साधा प्रसंग आधी सांगतो. बाजारचा दिवस होता आणि गाडी खच्चून भरली होती. मधल्या थांब्यावर दोघीजणी चढल्या. एक शाळेतल्या बाई. हातात पर्स, खांद्याला वह्यांची पिशवी. दुसरी सत्तरीकडे झुकलेली म्हातारी. काखेत गाठोडे, पाय अनवाणी. पुढच्या बाकावरचा एक कॉलेजचा तरुण चटकन उठला आणि म्हणाला, "बसा ना मॅडम." बाई बसल्या. म्हातारी दांड्याला धरून उभी राहिली. माझ्या शेजारचे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "अजून स्त्रीदाक्षिण्य शिल्लक आहे म्हणायचं!"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते; पण पुरते खरेही नव्हते. ते तसे का, याचा विचार करताना माझे मन थेट युरोपच्या मध्ययुगात गेले. आता एस.टी. कुठे आणि मध्ययुगीन युरोप कुठे, असे तुम्ही म्हणाल. पण इंग्रजीतल्या ‘शिव्हलरी’ या शब्दाचा अर्थ मराठीत सांगताना आपण बहुधा ‘स्त्रीदाक्षिण्य’ हाच शब्द वापरतो. बाईला जागा द्यावी, तिच्यासाठी दार उघडावे, तिच्या हातातले ओझे घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ आपल्या मनात उरला आहे. मूळ कल्पना मात्र याहून पुष्कळ मोठी होती. ती काय होती, तिच्यात बरे काय आणि उणे काय होते, आणि आज ती कुठे सापडते, हे आज आपण पाहू.

फ्रेंच भाषेत घोड्याला ‘शव्हाल’ म्हणतात. घोडेस्वार तो ‘शव्हालिए’, आणि त्याच्या रीतीभातीला म्हणायचे शिव्हलरी. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी बाई नाही, घोडा आहे. हा घोडेस्वार म्हणजे इंग्रजीतला नाइट. आपल्याकडे मराठ्यांच्या फौजेत शिलेदार असे. घोडा आणि हत्यार त्याचे स्वतःचे असे, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. नाइट हा साधारणपणे शिलेदाराच्या जातीचा. फरक इतकाच, की त्याला चाकरीबद्दल बहुधा जमीन मिळे आणि त्या जमिनीवर राबणाऱ्या कुळांवर त्याची सत्ता चाले. लढाऊ घोडा, प्रवासाची नि सामानाची जनावरे, लोखंडी कड्यांचे चिलखत, भाला, तलवार आणि हे सगळे सांभाळणारा नोकर, एवढा खर्च ज्याला झेपे तोच नाइट होई.

आता असा लोखंडात मढलेला, उंच घोड्यावर बसलेला माणूस गावात शिरला, तर त्याला अडवणार कोण? दहाव्या शतकात फ्रान्समध्ये राजाची सत्ता दुबळी झाली होती. लहानमोठ्या गढीवाल्यांची आपसांत भांडणे चालत, आणि त्यांचे स्वार वाटेतल्या शेतकऱ्याचे बैल, मेंढ्या, धान्य उचलून नेत. पोलीस नव्हते, कोर्ट लांब होते. तेव्हा ९८९ साली पश्चिम फ्रान्समधील शारू येथील मठात बिशपांची एक सभा भरली. त्या सभेने तीन प्रकारच्या माणसांवर धर्मबहिष्कार पुकारला: चर्च लुटणारा, निःशस्त्र धर्मगुरूवर हात टाकणारा, आणि शेतकऱ्याची किंवा गरिबाची गुरे पळवणारा. मेंढी, बैल, गाढव, गाय, बकरा, डुक्कर अशी जनावरांची नावेसुद्धा त्या ठरावात आहेत. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत आणखी एक नियम आला. बुधवारच्या संध्याकाळपासून सोमवारच्या सकाळपर्यंत कोणी कोणाशी लढायचे नाही. याला देवाचा तह म्हणत.

हे नियम सगळेच पाळत होते असे नाही. पण त्यातून एक विचार रुजला. ज्याच्या हातात बळ आहे त्याने ते कोठे वापरायचे नाही, हे ठरले पाहिजे. आणि दुसरे कोणी अडवणारे नसेल, तर त्याने स्वतःच स्वतःला अडवले पाहिजे. घोड्याला लगाम असतो, तसा स्वारालाही हवा. माझ्या मते वीरधर्माचे सार एवढेच आहे. त्याच्या आरंभीच्या चिठ्ठीत शेतकऱ्याच्या बैलाचे नाव होते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

बाराव्या-तेराव्या शतकांत या विचाराला रीतसर रूप आले. सरदाराचा मुलगा सातएक वर्षांचा झाला की दुसऱ्या सरदाराच्या घरी चाकरीला आणि शिक्षणाला जाई. चौदाच्या सुमारास तो एखाद्या नाइटचा मदतनीस होई. त्याचे घोडे आणि हत्यारे सांभाळी. विशीनंतर त्याला दीक्षा मिळे. पुष्कळ ठिकाणी आदल्या रात्री स्नान करून चर्चमध्ये जागरण करायचे आणि सकाळी खांद्यावर तलवारीचा स्पर्श घ्यायचा, अशी चाल होती. रॅमन लुल नावाच्या कॅटलान पंडिताने १२७०च्या दशकात नाइटच्या कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिले, ते अनेक भाषांत गेले. जोफ्रॉय द शार्नी हा फ्रेंच नाइट तर स्वतः लढवय्या आणि स्वतः ग्रंथकार. पराक्रम कसा करावा आणि मान कसा राखावा यावर त्याने लिहिले, आणि १३५६ साली पॉइटिएच्या रणांगणात राजाचे निशाण हाती धरून तो पडला.

या सगळ्या ग्रंथांतला पसारा बाजूला ठेवला तर तीन गोष्टी उरतात. दिलेला शब्द पाळायचा, मग तो शत्रूला दिलेला का असेना. शरण आलेल्याला मारायचे नाही. आणि दुबळ्याचे रक्षण करायचे. स्त्रियांविषयीचा आदर हा तिसऱ्या गोष्टीचा एक भाग. दक्षिण फ्रान्समधील दरबारी कवींनी तो भाग फार रंगवला, आणि म्हणून तोच लोकांच्या लक्षात राहिला.

आता हा धर्म प्रत्यक्षात कसा चाले, ते पाहू. त्यासाठी आताच नाव घेतलेली पॉइटिएची लढाईच घेऊ. इंग्लंडचा युवराज एडवर्ड याने १९ सप्टेंबर १३५६ रोजी तेथे फ्रान्सचा राजा जॉन याला जिवंत पकडले. हा एडवर्ड पुढे ‘ब्लॅक प्रिन्स’ या नावाने ओळखला गेला. फ्रॉइसार्ट नावाचा त्या काळचा प्रसिद्ध बखरकार सांगतो, की त्या रात्री युवराजाने कैदी राजाला मेजवानी दिली, स्वतः उभे राहून वाढले, आणि आग्रह झाला तरी त्याच्या पंक्तीला तो बसला नाही. पुढे १३६० साली तह झाला. तीस लाख सोन्याच्या नाण्यांची खंडणी ठरली. ती पुरी होईपर्यंत ओलीस म्हणून काही सरदार आणि राजाचे मुलगे इंग्रजांच्या ताब्यात राहिले, आणि राजा घरी परतला. पण १३६३ साली त्यातला एक मुलगा, आंजूचा लुई, शब्द मोडून निसटला. तेव्हा राजा जॉन १३६४च्या जानेवारीत आपण होऊन लंडनला परत गेला आणि एप्रिलमध्ये तेथेच वारला. काही इतिहासकार म्हणतात, की त्याचे जाण्यात राजकारणही होते. असेल. पण सुटलेला राजा, मुलाने मोडलेल्या शब्दापायी पुन्हा शत्रूच्या घरी जातो, ही गोष्ट साऱ्या युरोपला समजली आणि पटली, एवढे खरे.

कैद्याने शब्द द्यायचा आणि त्या शब्दावर त्याला मोकळे सोडायचे, या रीतीतूनच एक शब्द आपल्यापर्यंत आला आहे. फ्रेंच भाषेत ‘पॅरोल’ म्हणजे बोललेला शब्द, वचन. अमुक कैदी पॅरोलवर सुटला, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तोच हा पॅरोल. आपल्या तुरुंगखात्याने त्याला मराठी नाव दिले आहे ‘अभिवचन रजा’, आणि ते अगदी नेमके आहे. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या घोडेस्वारांची चाल आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगातल्या कागदावर अशी टिकून आहे.

इथपर्यंत ऐकून हा वीरधर्म फार थोर होता असे वाटेल. आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. ज्या युवराजाने राजाला उभे राहून वाढले, त्यानेच आदल्या वर्षी, १३५५ साली, बोर्दो शहरापासून भूमध्य समुद्राजवळच्या नार्बोन शहरापर्यंत गावे जाळीत नेली होती. शत्रूच्या राजाचे उत्पन्न बुडवायचे, तर त्याच्या रयतेची घरे आणि कोठारे जाळायची, हा त्या काळचा रिवाजच होता. त्याच युवराजाने १३७० साली लिमोज शहर घेतले, तेव्हा बायकापोरांसह तीन हजार माणसे कापली, असे तोच फ्रॉइसार्ट लिहितो. आजचे अभ्यासक हा आकडा फुगवलेला मानतात. तरी कत्तल झाली हे उरतेच. आणि राजाची ती खंडणी? ती भरण्यासाठी फ्रान्समध्ये १३६०च्या अखेरीस मिठावर, दारूवर आणि विकल्या जाणाऱ्या मालावर कर बसवले गेले. राजाच्या शब्दाचा भार शेवटी गरिबाच्या मिठावर पडला. त्याआधी १३५८ साली पिचलेल्या शेतकऱ्यांनी बंड केले, तेव्हा दोन्हीकडच्या सरदारांनी आपले वैर बाजूला ठेवून ते चिरडले.

असे का व्हावे? ही माणसे सारी ढोंगी होती काय? मला तसे वाटत नाही. त्याचे कारण साधे आहे. नाइटला जिवंत पकडला तर त्याच्या घरून खंडणी येई. शिवाय आज मी तुला सोडतो, उद्या तू मला सोड, असा त्यात हिशेब होता. शेतकऱ्याकडून खंडणी येणार नव्हती आणि उलट उपकाराची आशा नव्हती. म्हणून दया, दाक्षिण्य, दिलेला शब्द, हे सारे आपल्या बरोबरीच्यांसाठी राहिले. वीरधर्माभोवती एक कुंपण होते. कुंपणाच्या आत सज्जनपणा, आणि बाहेर मोकळे रान. त्याच्याही आधी, ११३९ साली रोमला भरलेल्या धर्मसभेने धनुर्धरांची प्राणघातक कला निषिद्ध ठरवली, तीसुद्धा ख्रिश्चनांविरुद्ध. बाकीच्यांविषयी ती गप्प राहिली. आणि पाळी आली तेव्हा कुंपणाच्या आतलेही सुरक्षित राहिले नाहीत. १४१५ साली ॲजिनकोर्टच्या लढाईत शत्रू पुन्हा चालून येतो की काय, या भीतीने इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने शरण आलेल्या कैद्यांना मारण्याचा हुकूम दिला.

तरी त्याच काळात हे कुंपण काहींना खुपत होते. ऑनोरे बूव्हे या फ्रेंच धर्मगुरूने १३८७च्या सुमारास युद्धाच्या नियमांवर ग्रंथ लिहिला. नांगर धरणारा माणूस आणि त्याचे जनावर यांना लढाईत अभय असले पाहिजे, कारण तो सगळ्यांसाठी राबतो, असा त्याचा रोख होता. त्याच्या मागोमाग आल्या क्रिस्तीन द पिझां. पंचविशीत वैधव्य आले, पदरात मुले, आणि लेखणीवर घर चालवले, अशी ही बाई. १४०५ साली तिने स्त्रियांच्या कर्तृत्वावर एक ग्रंथ लिहिला, आणि १४१०मध्ये चक्क युद्धशास्त्रावर आणि वीरधर्मावर दुसरा. ज्या धर्मात बाईने फक्त सज्जात उभे राहून ओढणी फेकायची असे लोक समजत, त्या धर्माचे नियम एका बाईने सांगितले. बूव्हेचा आधार घेऊन निरपराध गरीब कष्टकऱ्यांची बाजूही तिने त्यात मांडली.

हे ऐकताना तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आपला इतिहास आला असेल, आणि तो येणे रास्त आहे. निःशस्त्रावर, पळणाऱ्यावर, वाद्य वाजवणाऱ्यावर शस्त्र चालवू नये, असे नियम महाभारतात युद्धाच्या आरंभी ठरलेले आहेत. पण रयतेच्या दृष्टीने पाहिले तर अधिक मोलाचा पुरावा शिवाजी महाराजांच्या एका पत्रात आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या आपल्या फौजेच्या अंमलदारांना महाराजांनी बजावले, की दाणावैरण जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात ती संपेल, आणि मग लोक कुणब्याच्या घरचे दाणे, भाकर, गवत, भाजी ओढून आणू लागतील. तसे झाले तर रयतेला तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. आणि स्त्रियांच्या बाबतीत खाफीखान या मोगल इतिहासकाराची साक्ष आहे. तो महाराजांचा कट्टर निंदक. तरी कुणाच्याही स्त्रियांना उपद्रव देऊ नये असा त्यांचा सक्त नियम होता, हे त्याने नमूद केले आहे. मी येथे कोण थोर आणि कोण थिटा याची तुलना करीत नाही. बळाला लावलेला लगाम कुणब्याच्या दारापर्यंत पोचतो की नाही, हीच कसोटी. मग मुलूख कोणताही असो.

पुढे युरोपात वीरधर्माचा काळ सरला. लांब धनुष्याने आणि मग बंदुकीने चिलखताचा बडेजाव संपवला. गावातला कोणीही गडी आता लांबून सरदाराला पाडू शकत होता. राजांनी पगारी फौजा ठेवल्या. १६०५ साली स्पेनच्या सर्व्हान्टिसने डॉन क्विहोटे ही कादंबरी लिहिली आणि जुन्या वीरकथा वाचून वेड्या झालेल्या एका म्हाताऱ्याच्या रूपाने त्या कथांना हसून घेतले. १७९० साली फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना एडमंड बर्क याने हळहळ व्यक्त केली, की राणीचा अपमान होतो आणि एकही तलवार उपसली जात नाही, म्हणजे वीरधर्माचे युग संपले. त्याला मेरी वोल्स्टनक्राफ्ट या इंग्रज विदुषीने त्याच वर्षी उत्तर दिले. राणीसाठी रडणाऱ्या बर्कना गरिबांची दुःखे दिसत नाहीत, हा तिचा आक्षेप होता. १७९२मध्ये स्त्रियांच्या हक्कांवर लिहिताना ती आणखी पुढे गेली. बाईला नाजूक समजून उगीच मान द्यायचा आणि तिला शिक्षण मात्र द्यायचे नाही, अशा मानाने बाईचे नुकसानच होते, असे तिने बजावले. हा वाद आजही मिटलेला नाही.

मग आज या ध्येयाचे काय उरले? मला ते दोन ठिकाणी स्पष्ट दिसते.

पहिले ठिकाण युद्धाचा कायदा. १८५९ साली इटलीतील सॉल्फेरिनोच्या लढाईनंतर जखमी सैनिक पाण्यावाचून तडफडताना हेन्री ड्यूनां या स्विस व्यापाऱ्याने पाहिले. त्याच्या खटपटीतून रेडक्रॉस उभी राहिली आणि १८६४ साली पहिला जिनिव्हा करार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १२ ऑगस्ट १९४९ रोजी चार करार झाले. जखमी सैनिक, आरमारातले जखमी, युद्धकैदी, आणि चौथा साध्या नागरिकांसाठी. आपल्या संसदेने १९६० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. १९७१च्या युद्धात शरण आलेले सुमारे ९३ हजार सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे इतर लोक भारताने या करारांनुसार सांभाळले आणि पुढे परत पाठवले. शरण आलेल्याला मारायचे नाही, हा नाइटचा नियम आता शिपायालाही लागू झाला, आणि चौथ्या कराराने शेतकऱ्याच्या घरालाही. शारूच्या सभेत सुरू झालेली गोष्ट जवळजवळ हजार वर्षांनी पुन्हा मूळ जागी आली.

पण कायदा कागदावर असतो आणि बंदूक माणसाच्या हातात. दुसऱ्या महायुद्धातलाच एक प्रसंग सांगतो. २० डिसेंबर १९४३ रोजी जर्मनीतील ब्रेमेन शहरावर बाँब टाकून एक अमेरिकन विमान परत निघाले होते. त्याची पार चाळण झाली होती, एक जण मेला होता, इतर जखमी होते. वैमानिक चार्ल्स ब्राउन अवघा एकवीस वर्षांचा. त्याच्या मागे फ्रान्झ स्टिगलर हा जर्मन वैमानिक आपले लढाऊ विमान घेऊन आला. एक बटण दाबले की काम संपले असते. पण जवळ येताच विमानाच्या फुटलेल्या भगदाडांतून त्याला आतली जखमी माणसे दिसली. हवाई छत्रीतून उतरणाऱ्या शत्रूवर कधी गोळी झाडू नका, असे त्याच्या पूर्वीच्या अधिकाऱ्याने त्याला शिकवले होते. ही माणसेही तशीच, असे त्याला वाटले. तो त्या विमानाच्या बाजूने समुद्रापर्यंत उडत गेला, सलाम केला आणि परतला. हे वरिष्ठांना कळते तर त्याला प्राणाची शिक्षा झाली असती. ते दोघे १९९० साली भेटले, आणि पुढे दोघेही २००८ साली वारले.

आता याच युद्धाची दुसरी नोंद. जर्मनांच्या कैदेत सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक पडले, आणि अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे त्यांतले सुमारे ३३ लाख उपासमारीने, थंडीने, रोगाने आणि गोळ्यांनी मेले. इंग्रज आणि अमेरिकन कैद्यांतले बहुतेक मात्र जिवंत घरी गेले. नाझी राजवटीने कुंपण पुन्हा घातले होते. रशियन माणूस त्यांच्या लेखी बाहेरचा होता.

दुसरे ठिकाण म्हणजे स्त्रियांचे रक्षण. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण टायटॅनिक जहाजाचे. १५ एप्रिल १९१२च्या पहाटे ते बुडाले तेव्हा बायकामुलांना आधी होड्यांत बसवा, असा हुकूम सुटला, आणि पुष्कळ पुरुषांनी तो पाळला. दुसऱ्या वर्गाच्या १६८ पुरुष उतारूंपैकी फक्त १४ वाचले. मरणाच्या दारात मागे उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच चौकशीतले स्त्रियांचे आकडे पाहा. पहिल्या वर्गातल्या १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या. तिसऱ्या वर्गातल्या १६५ स्त्रियांपैकी ७६. तिसऱ्या वर्गाची राहण्याची जागा बरीच खाली होती; होड्यांपर्यंतची वाट लांब आणि अनोळखी होती. तिथे जाऊन त्या बायांना वेळेवर वर आणणारे फार थोडे निघाले. हुकूम ‘स्त्रिया आधी’ असा होता; घडले ते ‘आपल्या स्त्रिया आधी’ असे.

आणि टायटॅनिक हासुद्धा अपवादच होता. स्वीडनमधील दोन अर्थशास्त्रज्ञांनी जहाजबुडीच्या १८ घटना तपासून २०१२ साली निष्कर्ष मांडला, की एकंदरीत स्त्रिया पुरुषांपेक्षा कमीच वाचल्या. खलाशी मात्र उतारूंपेक्षा अधिक. मात्र जेथे कप्तानाने स्त्रियांना आधी काढण्याचा हुकूम दिला, तेथे हा फरक कमी झाला. म्हणजे दाक्षिण्य आपोआप उगवत नाही. कोणीतरी ते सांगावे लागते, शिकवावे लागते, आणि वेळेला त्याच्या मागे उभे राहावे लागते.

आजच्या मुली विचारतात, आम्हांला जागा दया म्हणून देता की हक्क म्हणून? प्रश्न रोखठोक आहे. एस.टी.तल्या राखीव बाकावर बाईचा हक्क आहे. तेथे कोणी उठला तर ते दाक्षिण्य नव्हे, तो नुसता नियम. शिक्षण, मजुरी, मालमत्ता यांत तर हक्कच हवा. तेथे दाक्षिण्याची भाषा म्हणजे देणे टाळण्याची युक्ती. वोल्स्टनक्राफ्टबाईंचे म्हणणे येथे मान्य केलेच पाहिजे. पण म्हणून दाक्षिण्याचे काम संपले असे मी म्हणणार नाही. जेथे कायद्याचा डोळा पोचत नाही, साक्षीदार नाही, आणि समोरचा माणूस आपले काही वाकडे करू शकत नाही, तेथे आपण कसे वागतो? आभाळात एकटा असलेला स्टिगलर जसा वागला, तसे वागायला कोणताही कायदा पुरा पडत नाही. हा प्रश्न फक्त पुरुषाला नाही. सुनेपुढे सासू, गड्यापुढे मालकीण, अशिलापुढे वकील, आणि खेडुतापुढे कचेरीतला कारकून, प्रत्येकाच्या हाती कोणत्या ना कोणत्या घडीला घोडा आणि भाला असतोच.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. मधल्या सुट्टीत नळावर गर्दी होते. दांडगी मुले पुढे घुसतात, लहानगी मागे राहतात. रांग लावणे हा कायदा झाला, आणि तो लावावाच. पण सातवीतल्या एखाद्या धिप्पाड मुलाला बोलावून सांगा, की आज सर्वांत शेवटी पाणी तू प्यायचे, आणि रांगेत कोणी ढकलला जात नाही ना हे पाहायचे. कोणाला ढकलू न देण्यात, ढकलण्यापेक्षा अधिक मोठेपणा आहे, हे त्याला एकदा चाखू द्या. नाइटच्या घरी सात वर्षांच्या पोराला पाठवत ते याच शिक्षणासाठी. आणि रांगेत सगळ्या वाड्यावस्त्यांची पोरे आहेत ना, तेही पाहा. कुंपण पोरपणीच मोडले तर मोडते.

आता त्या एस.टी.तल्या प्रसंगाचा शेवट सांगायचा राहिला. पुढचा थांबा येईपर्यंत बाईंचे लक्ष सारखे त्या म्हातारीकडे होते. मग त्या थोड्या सरकल्या, शेजारणीलाही सरकवले, आणि म्हणाल्या, "आजी, या, बसा इथं. गाठोडं माझ्याकडं द्या." म्हातारी बसली. तिचे गाठोडे बाईंनी वह्यांच्या पिशवीवर ठेवून मांडीवर घेतले. उभ्या राहिलेल्या त्या तरुणाने ते पाहिले. तो काही बोलला नाही. पण पुढच्या गावाला एक लंगडा माणूस चढला, तेव्हा त्याच तरुणाने मागच्या बाकावरच्या आपल्या दोस्ताला हाक मारून उठवले.

वीरधर्म आज उरला आहे काय, या प्रश्नाला मी एवढेच उत्तर देऊ शकतो. तो उरला आहे. पण तो कोणासाठी, हे दर वेळी पुन्हा ठरवावे लागते.